शंभर वर्षांतून एकदा म्हणजे नक्की किती?
‘शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरासाठी विमा कशाला?’ हे लेखातलं वाक्य खटकलं. त्याचा अर्थ दर वर्षी १ टक्का शक्यता, मग मागचा पूर गेल्याच वर्षी येऊन गेलेला का असेना. गृहकर्ज ३० वर्षांचं धरा. तेवढ्या काळात तसा पूर निदान एकदा येण्याची शक्यता साधारण २६ टक्के होते.

आणि नदी लांब आहे म्हणून निर्धास्त राहू नका. आमच्याकडे पाणी दारातून आलंच नाही, बाथरूमच्या जाळीतून उलटं वर आलं. जेमतेम वीतभर, पण प्लायवूडची कपाटं खालून अशी फुगली की दारं परत लागली नाहीत. त्यामुळे असं तुंबून आलेलं पाणी पॉलिसीत बसतं का आणि घरातलं सामान धरलंय का, हे आधीच विचारून घ्या. आम्ही फरशी पुसून झाल्यावर विचारलं.