थ्री-लिंक आणि एक लीक

रविवारी सकाळी कोथरूडच्या आमच्या सोसायटीत, पार्किंगमध्ये, मी माझ्या जुन्या जीपखाली उताणा पडलो होतो. पुढचे पाटे (लीफ स्प्रिंग) काढलेले, हाउसिंग, म्हणजे दोन चाकांमधला एक्सलचा आडवा नळा, जॅकवर, पोटावर पीव्हीसी पाइपचे तुकडे. कानाशी चपला येऊन थांबल्या.

"इथलं झालं की वर या हो. तिसरा मजला. फ्लश गळतोय."

मी डोकं बाहेर काढलं. "काका, मी आहे. दुसऱ्या मजल्यावरचा."

"अरे, तू होय! मग प्लंबर कुठाय?"

"प्लंबर नाहीये. मी लिंक बसवतोय."

"तेच म्हणतोय मी. आमच्याकडेही लीकच आहे."

"लीक नाही काका, लिंक! थ्री-लिंक!"

"तीन ठिकाणी?" काकांचा चेहरा पडला. "कमिटीला कळवलंस का?"

आता सांगणं भागच होतं. पाट्यांच्या गाडीत पाटा दोन नोकऱ्या करतो: वजन झेलतो आणि हाउसिंगही जागेवर धरतो. एक चाक दगडावर चढलं की दुसरं खाली लोंबायला हवं, पण पाटा तेवढी सूट देत नाही. म्हणून वजनाला कॉइल स्प्रिंग, आणि हाउसिंग धरायला दांडे: खाली दोन, वर एक (म्हणून थ्री-लिंक), शिवाय आडवं सरकू नये म्हणून पॅनहार्ड रॉड. सीमलेस पाइप कापून पस्तावण्यापेक्षा आधी पीव्हीसीचे दांडे लावून बघायचे. हे सगळं मी सांगेपर्यंत काकांनी वॉचमनकडून खुर्ची मागवली होती.

"पण कंपनीने पाटे लावले होते ना? ते काय वेडे होते?"

"दगडांवर चढायचं तर..."

"दगडांवर गाडी कशाला? मी सिंहगड पायी चढतो."

"..."

"आणि आरटीओला चालतं का हे?"

नाही चालत. नोंदणीतली मूळ रचना अशी परस्पर बदलायला मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम आडवं येतं, हे मलाही ठाऊक आहे. म्हणून म्हटलं, "रस्त्यावर नाही काढणार. टेम्पोत चढवून मित्राच्या शेतावर नेणार."

काका बराच वेळ गप्प. मग हळूच, आजाऱ्याशी बोलावं तसं, "म्हणजे डोंगर चढणारी गाडी टेम्पोत बसून जाणार?"

या माणसाला आमच्या गल्लीतल्या स्पीडब्रेकरबद्दल मात्र कधी प्रश्न पडला नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गोल उंचवटा 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच सांगितलाय, ताशी 25 किलोमीटरने गाडी अलगद जावी म्हणून. आमचा हातभर रुंद आहे, उंची लावणाऱ्याच्या मर्जीची, पांढरा पट्टा नाही. गेल्या पावसाळ्यात आईच्या कमरेत त्यानेच उसण भरली, महिनाभर ती पलंगाला खिळून होती. ग्रुपवर लिहिलं तर उत्तर आलं, 'तो सोसायटीच्या हद्दीत नाही.' माझे चार पाइप हद्दीत आहेत ना, त्यांची चौकशी आधी!

असो. अपमान धुऊन काढायला मी प्रात्यक्षिक दाखवलं. हाउसिंग वर जाताना पॅनहार्डचं टोक कमानीत फिरतं, स्टिअरिंग बॉक्सकडून डाव्या चाकाकडे आडव्या जाणाऱ्या ड्रॅग लिंकचंही. दोन्ही समांतर आणि जवळपास सारख्या लांबीचे असले तर कमानी जुळतात. मी जॅकचा दांडा चार वेळा दाबला. स्टिअरिंग आपलं आपण दोन बोटं फिरलं.

"वा!" काका खुर्चीतून उठले. "आत कोणी नाही आणि चाक फिरतंय! जमलं की!"

"नाही काका. हेच चुकलंय." खड्ड्यात चाक गेलं की स्टिअरिंग हातातून असं ओढलं जाणार. पॅनहार्डचं चेसिसकडचं ब्रॅकेट दीड इंच खाली लागलं होतं. तीन रविवार गेले त्यात.

"मग हा तुकडा तुला लागणार नाही ना?" म्हणत त्यांनी पॅनहार्ड काढायला हातही लावला. मी दमलो होतो. दिला.

संध्याकाळी वर पाहिलं. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत पाइप टांगलेला, त्यावर मार्करने लिहिलेलं माझंच अक्षर, 'पॅनहार्ड, उजवी बाजू वर'. मधोमध काकांचा पंचा वाळत होता. रेलिंगला अगदी समांतर बसवलाय.