'ऐकीव' वेदान्ताबद्दल, 'जिज्ञासू' यांना

नमस्कार. 'मोक्ष नको म्हणणारी माणसं' या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया रात्री साडेअकराला वाचली आणि झोप उडाली, हे आधीच सांगून टाकतो. रागात लिहिलेलं उत्तर सकाळी खोडलं. हे दुसरं.

ज्यांच्या नजरेतून ती प्रतिक्रिया सुटली त्यांच्यासाठी थोडक्यात. लेखात मी म्हटलं होतं की चार पुरुषार्थांत मोक्ष शेवटचा आणि सगळ्यांत वरचा, तरी तुकोबा 'न लगे मुक्ति धन संपदा' म्हणतात आणि वर 'गर्भवासी सुखें घालावें आम्हांसी' असंही मागतात. त्यावर जिज्ञासूंचे आक्षेप असे: ब्रह्मसूत्राचा (वेदान्ताचा पायाभूत सूत्रग्रंथ) क्रमांक चुकला. जीवन्मुक्ती, म्हणजे देह असतानाच मिळणारी मुक्ती, साऱ्या हिंदू दर्शनांना मान्य असल्यासारखं लिहिलं, रामानुजांना ती मान्य नाही. तुकोबांचं 'न लगे' म्हणजे मोक्षाला नकार नव्हे, भक्तीची थोरवी सांगायची ती रीत आहे. आणि मग शेवटचं वाक्य: 'एकूण तुमचा वेदान्त ऐकीव दिसतो, मूळ ग्रंथ उघडून लिहिलंत तर बरं.'

पहिला आक्षेप मान्य, बिनशर्त. शेवटचं सूत्र 4.4.22 आहे, मी 4.4.21 लिहिलं होतं. दुरुस्त केलं. नाव तुम्ही पहिल्या सूत्रातलं घेतलंत, 'अथातो ब्रह्मजिज्ञासा', आणि चूक शेवटच्या सूत्रातली काढलीत. मधल्या साडेपाचशे सूत्रांपुरती मला माफी आहे असं धरून चालतो.

आता ते वाक्य.

'ऐकीव' हा शब्द तुम्ही शिवीसारखा वापरलाय. बाजारगप्पा, पारावरची बातमी, त्या रांगेत मला बसवलंत. पण साहेब, ज्याच्या जोरावर वेदान्त उभा आहे त्याला श्रुती म्हणतात. श्रुती म्हणजे काय? ऐकलेलं. उपनिषदातले याज्ञवल्क्य ऋषी घर सोडून निघाले, दोन बायकांत वाटणी करायला बसले, तेव्हा मैत्रेयीने विचारलं की धनाने भरलेली सगळी पृथ्वी मिळाली तर मी अमर होईन का. ते नाही म्हणाले. मग जे सांगितलं त्यात 'श्रोतव्यो मन्तव्यो निदिध्यासितव्यः' आहे. आधी ऐकायचं, मग त्यावर विचार करायचा, मग ते मुरवायचं. मैत्रेयीने कुठला मूळ ग्रंथ उघडला होता? छांदोग्य उपनिषदातला तो गांधार देशाचा माणूस आठवा. डोळे बांधून त्याला रानात आणून सोडलंय. कुणीतरी पट्टी सोडतो आणि म्हणतो, गांधार या दिशेला आहे, असा जा. तो गावागावात विचारत विचारत घरी पोचतो. विचारत! नकाशा घेऊन नव्हे.

लांब कशाला जायचं. ज्ञानेश्वरी नेवाशाला सांगितली गेली, शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, आणि सच्चिदानंदबाबांनी ती उतरवून घेतली. समोर बसलेल्यांनी ऐकली. त्यांचा वेदान्त काय दर्जाचा होता म्हणायचं?

माझाही ऐकीवच आहे. कबूल. कऱ्हाडजवळच्या आमच्या गावी चातुर्मासात विठ्ठलमंदिरात बुवा प्रवचनाला बसायचे आणि आजी मला मांडीजवळ घेऊन खांबाला टेकायची. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. एकदा बुवांनी सांगितलं की ज्ञान झालं तरी देह लगेच पडत नाही, कुंभाराच्या चाकासारखा फिरत राहतो. मला काही कळलं नाही. आमच्या मागच्या आळीत कुंभारांची दोन घरं होती. दुसऱ्या दिवशी शाळा बुडवून तिथे जाऊन बसलो. कुंभारकाकांनी चाकाच्या भोकात दांडकं घालून गरगर फिरवलं, दांडकं काढून ठेवलं, मातीच्या गोळ्यातून गाडग्याचा गळा वर ओढला, ओल्या दोऱ्याने बूड कापलं आणि गाडगं उचलून फळीवर ठेवलं. चाक फिरतच होतं. त्यावर काहीही नव्हतं, नुसता चिखलाचा एक पातळ वेढा, आणि ते फिरतंय. काका बिडी पेटवायला उठले तरी फिरतंय. मी ते पार थांबेपर्यंत पाहिलं. घरी आल्यावर शाळेबद्दल मार खाल्ला.

पुढे चाळिशीत कळलं की हे ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत आहे, 67व्या कारिकेत, 'चक्रभ्रमवत् धृतशरीरः', आणि ब्रह्मसूत्र 4.1.15 वरच्या भाष्यात शंकराचार्यही हाच दाखला देतात. (हा क्रमांक तपासून घ्या. मी तीनदा तपासलाय.) म्हणजे ग्रंथ उघडले, जिज्ञासू. निवृत्त शिक्षकांच्या गॅलरीत दर गुरुवारी, सहा वर्षं, प्लास्टिकच्या खुर्चीवर. त्याआधी पुण्यात एका वेदान्तवर्गाला गेलो होतो. तिथल्या शास्त्रीबुवांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर विचारलं, 'शब्दरूपं येतात का?' सगळी येत नव्हती. 'मग आधी ती करून या.' मी उठलो आणि बाहेर येऊन चहा प्यायलो. तुमचं वाक्य वाचताना त्या चहाची चव तोंडात आली, म्हणून जरा लांबलं.

त्याच भाष्यात आचार्य आणखी एक गोष्ट म्हणतात, तीही ऐका. एखाद्याला आपल्या हृदयात ब्रह्माची प्रतीती आहे आणि त्याचा देहही टिकून आहे, तर दुसऱ्या कुणी ते कसं काय खोडून काढायचं? इतका मोठा तर्कपंडित, आणि तिथे येऊन सरळ माणसाच्या अनुभवापुढे थांबतो. मला ब्रह्मज्ञान झालंय असं मी म्हणत नाही, उगाच खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लावू नका. एवढंच म्हणतोय की दुसऱ्याच्या आतलं तोलायला निघालेल्याने तराजू जरा बघून उचलावा.

रामानुजांचं म्हणाल तर ठाऊक आहे. देह आहे तोवर मुक्ती नाही, हे त्यांचं मत. मध्वाचार्यांच्या मोक्षात तर आनंदाचीही प्रतवारी लागते, आणि नैयायिकांच्या, म्हणजे गोतमाचं न्यायदर्शन मानणाऱ्यांच्या, मोक्षात दुःख जातं पण आनंदही राहत नाही. त्यावर श्रीहर्षाच्या नैषध महाकाव्यात चार्वाक टोला हाणतो, की शहाण्यासुरत्या माणसांना दगड व्हायला शिकवणारा हा गोतम नावाप्रमाणेच आहे, म्हणजे बैलांतला उत्तम बैल. हे सगळं घातलं असतं तर पाल्हाळ लावलं म्हणून तुम्हीच ओरडला असतात. 'अद्वैत्यांच्या मते' हे दोन शब्द राहिले, बस. घालतो.

तुकोबांच्या अभंगावर तुम्ही बरंच लिहिलंय. मला पटलं नाही. तुमचं म्हणणं, भक्ती हीच मुक्ती, तेव्हा नाकारण्याजोगं काही उरतच नाही. असेल. पण माझी आजी शेवटची आठ वर्षं वारीला गेली नाही, गुडघे गेले होते. माउलींची पालखी लोणंदला आली की रेडिओ कानाला लावून बसायची. एका आषाढात मी तिला म्हटलं, आता कसली वारी, आता सुटायचं बघ. ती म्हणाली, 'सुटून कुठं जायचं? पांडुरंगाला सांग, पुढल्या खेपेला गुडघे तेवढे चांगले दे.' ती गेली तेव्हा दारात आलेला प्रत्येक जण म्हणत होता, सुटली. मला त्या शब्दाचा तेव्हापासून राग आहे. आजीचं ते बोलणं ही थोरवी सांगायची रीत होती, हे तुम्ही तिच्या अंथरुणाशी बसून म्हणून दाखवायला हवं होतं.

हा पुरावा नव्हे, असं तुम्ही लिहिणार. लिहा. टोपणनावाआडून लिहायला काय लागतं.

जाता जाता त्या सूत्राविषयी, ज्यावरून हे सगळं सुरू झालं. 'अनावृत्तिः शब्दात्, अनावृत्तिः शब्दात्.' मुक्ताला परत येणं नाही. का? शब्द तसं सांगतो म्हणून. सूत्रकार बादरायणांनी पूर्ण ग्रंथाचा शेवटचा आधार म्हणून तर्क दिला नाही, अनुभवही दिला नाही. जे ऐकत आलो तेच दिलं, आणि दोनदा दिलं. इथला शब्द म्हणजे वेद, आजीचं बोलणं नव्हे, हे तुम्ही सांगायच्या आधी मीच सांगतो.

क्रमांकाची दुरुस्ती लेखाखाली टाकली आहे, 'एका वाचकाने निदर्शनास आणून दिल्याप्रमाणे' असं लिहून. खरं नाव कळवलंत तर तेही घालीन. अभंगाबद्दलचं तुमचं म्हणणं पुन्हा एकदा वाचतो, पण आषाढी झाल्यावर. या वर्षी लोणंदहून पुढे दोन मुक्काम चालायचं ठरवलंय, आणि माझेही गुडघे आता बोलू लागलेत.