औशाची एसटी

परवापासून लातूरच्या मार्केट यार्डात मला माझ्या नावानं कुणी हाक मारत नाही. 'पाच ते सहावाले' म्हणतात.

एका आडतीच्या ॲपमध्ये शेतकऱ्यांच्या हिशोबपट्ट्यांचे फोटो क्लाउडवर ठेवलेत. माझ्या आधीच्या गड्यानं अख्ख्या स्टोरेजची किल्ली ॲपच्या कोडमध्येच लिहून ठेवली होती. ॲप उसवलं की किल्ली हातात. वाचा, बदला, पुसून टाका, अडवायला कुणी नाही. मी तीन रात्री घालून ती काढली. आता सर्व्हर सही केलेली लिंक देतो: एकच फोटो, फक्त बघायला, एकच तास. अझ्युअरवाले, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं क्लाउड, तिला शेअर्ड ॲक्सेस सिग्नेचर म्हणतात.

हे कौतुक दाखवायला सकाळी साडेअकराला पेढीवर गेलो. सोयाबीन घालून आलेले एक मामा पट्टीसाठी थांबलेले. मुनीमजींनी लिंकवर बोट ठेवलं. 403, म्हणजे आत यायला मनाई.

"काय करलालाव सर? उघडंना की."

मी लॅपटॉप काढला. लिंकमध्ये सुरुवातीच्या वेळेचा एक तुकडा असतो, त्याचं नाव एसटी. ही वेळ ग्रीनिचची लागते. मी लातूरची साडेअकरा घालून पुढं ऐटीत झेड, म्हणजे 'ही ग्रीनिचची वेळ' असा शिक्का, लावला होता. तोंडातून निघून गेलं, "एसटी चुकली!"

मामा ताडकन उठले. "औशाची?"

"नाही हो मामा, लिंकमधली."

"लिंकमधली कुठं जाती?"

मुनीमजींनी चष्मा कपाळावर चढवला. "म्हंजे उघडंल कव्हा?"

"संध्याकाळी पाचला."

"आन् बंद?"

"सहाला."

"आमची पेढी दिवसभर उघडी आन् तुमचा फोटू पाच ते सहा?" हे त्यांनी एवढ्या मोठ्यानं विचारलं की बाहेर पोती शिवणाऱ्या हमालाचा दाभण थांबला. "घड्याळ विलायतेत ठिवलंय वाटतं."

साडेपाच तासांचा फरक शाळेच्या भूगोलात मला पाठ होता, हे मी त्यांना सांगितलं नाही. खरं तर एररमध्येच सुरुवात, शेवट आणि आत्ताची वेळ तिन्ही छापून आले होते. मीच वाचले नाहीत. तारेला ओवलेल्या पट्ट्यांतून मुनीमजींनी मामांची पट्टी काढली आणि मामा एसटीकडं पळाले. खऱ्या.

मला झोंबलं ते शेठचं बोलणं. "आधी तर चालत होतं की."

चालत होतं! किल्ली चव्हाट्यावर लटकत होती तेव्हा कुणाला घाम फुटला नाही. सगळ्यांच्या पट्ट्या कुणीही पुसल्या असत्या तरी ॲप 'चालतच' होतं. कुलूप लावणाऱ्यानं एकदा घड्याळ चुकवलं की तो गावभर. वर शेठ म्हणतात, मुदत 2050 पर्यंत टाका, सारखी कटकट नको. पैसे मात्र अजून आधीच्याच कामाचे यायचेत.

तिथंच बसून वेळ ग्रीनिचची केली, एसटी काढूनच टाकली. ती नसली की लिंक लगेच लागू होते. जुनी लिंक तेवढी तशीच राहिली. सही करून दिलेली लिंक मागं घ्यायची तर मूळ किल्ली बदलावी लागते, नाहीतर आधीच लिंकला सर्व्हरवरचं एक धोरण बांधून ठेवावं लागतं, ते काढलं की लिंक बंद. मी बांधलं नव्हतं. आणि मुनीमजींनी ती लिंक यार्डाच्या ग्रुपवर टाकली होती.

पाचला फोन आला. "सर, उघडलं!"

सहा वाजून एक मिनिटानं पुन्हा. "गेली बघा तुमची एसटी."