कंपनीच्या गाडीला इन्शुरन्स आहे, पण ती चालवणाऱ्याला आहे का?

कंपनीने गाडी दिली की पेट्रोल कोण भरणार, घरी नेली तर चालेल का, रविवारी वापरू का, एवढं सगळं लोक विचारतात पण पॉलिसीची कॉपी कोणी मागत नाही. "फुल इन्शुरन्स आहे, टेन्शन घेऊ नका" असं ॲडमिनवाल्याने सांगितलं की विषय संपला. मी मोटार क्लेमच्या कामात आहे आणि हे 'फुल इन्शुरन्स' ऐकलं की माझं डोकं फिरतं, म्हणून आज सविस्तर लिहितोय. पोस्ट लांब आहे, पण घरात कोणी कंपनीची गाडी चालवत असेल तर प्लीज पूर्ण वाचा.

आपल्या स्वतःच्या नावावर गाडी असली की ओनर-ड्रायव्हरचा 15 लाखांचा पर्सनल ॲक्सिडेंट कव्हर कंपल्सरी असतो, ही रक्कम 2018 साली वाढवली, त्याआधी कारला 2 लाख आणि टू-व्हीलरला 1 लाखच होते. पण हा कव्हर मालकाला, आणि तोही त्याच्याकडे लायसन्स असेल तरच. आता गाडी प्रायव्हेट लिमिटेडच्या नावावर असेल तर मालक कंपनी, आणि कंपनीला काही लायसन्स निघत नाही, त्यामुळे कंपनी किंवा पार्टनरशिप फर्मच्या गाडीला हा कव्हर लागूच होत नाही. अगदी डायरेक्टर स्वतः चालवत असला तरी नाही. म्हणजे गाडीचा पत्रा, समोरचा माणूस, समोरच्याची गाडी सगळं पॉलिसीत आणि स्टिअरिंगवर बसलेला माणूस कदाचित बाहेर. एवढी मोठी गोष्ट कंपनीची चावी घेताना कोणी सांगत नाही याचा मला खरंच राग येतो.

पॉलिसीचं शेड्यूल उघडून बघा. एका बाजूला ओन डॅमेज (आपल्याच गाडीचं नुकसान), दुसऱ्या बाजूला लायबिलिटी (इतरांना द्यावी लागणारी भरपाई) असा प्रीमियमचा तक्ता असतो. लायबिलिटीच्या बाजूला बेसिक थर्ड पार्टीच्या खाली बारीक अक्षरात ओळी असतात, त्यात "एलएल टू पेड ड्रायव्हर" (एलएल म्हणजे लीगल लायबिलिटी, मालकाची कायदेशीर जबाबदारी) म्हणजे आयएमटी 28 (आयएमटी म्हणजे इंडिया मोटर टॅरिफमधलं जोड-कलम), "एलएल टू एम्प्लॉईज" म्हणजे आयएमटी 29, आणि "पीए टू पेड ड्रायव्हर" (पीए म्हणजे पर्सनल ॲक्सिडेंट) म्हणजे आयएमटी 17. यांच्यासमोर रक्कम दिसली पाहिजे. तिथे शून्य असेल किंवा ओळच नसेल तर तो कव्हर घेतलेला नाही. आयएमटी 28 चा प्रीमियम माणशी वर्षाला पन्नास रुपयांच्या आसपास असतो हो! लाखांच्या गाडीला सीट कव्हर टाकताना कोणी हिशोब करत नाही आणि इथे मात्र प्रीमियम कमी दिसावा म्हणून ही ओळ उडवलेली मी बघतो.

28 आणि 29 मध्ये लोकांची फार गल्लत होते. ज्याला ड्रायव्हर म्हणूनच पगार आहे त्याच्यासाठी 28. पण सेल्समधला मुलगा, सर्व्हिस इंजिनिअर, साइटवर जाणारा सुपरवायझर स्वतःच गाडी चालवतात, ते पेड ड्रायव्हर नसतात, कंपनीच्या कारमधून जाणाऱ्या किंवा ती चालवणाऱ्या अशा इतर कर्मचाऱ्यांसाठी 29 आहे. ज्या ऑफिसमध्ये ड्रायव्हर ठेवलेलाच नाही आणि सगळे आपापली गाडी हाकतात तिथे नुसतं 28 घेऊन काय उपयोग.

आणि एक समजून घ्या, लायबिलिटी वेगळी आणि पीए वेगळा. समजा रात्री उशिरा साइटवरून परत येताना डोळा लागला आणि गाडी डिव्हायडरवर गेली, समोर दुसरी गाडीच नाही. चूक स्वतःचीच, त्यामुळे मोटार ॲक्सिडेंट ट्रिब्युनलमध्ये निष्काळजीपणाचा क्लेम लावणार कोणावर? अशा वेळी 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्यापासून चालत आलेलं तत्त्व कामाला येतं, की कामावर असताना कामामुळे जीव गेला तर चूक कोणाची हे न बघता मालकाने भरपाई द्यायची, आणि एलएल कव्हर मालकाची हीच जबाबदारी उचलतो. पण तिथला हिशोब तोकडा आहे. जानेवारी 2020 च्या नोटिफिकेशनने त्यासाठी महिन्याचा पगार जास्तीत जास्त 15,000 धरायचं ठरलं, मग पगार पन्नास हजार का असेना. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की ज्या कंपन्या लोकांना रोज रस्त्यावर पाठवतात त्यांनी ग्रुप पर्सनल ॲक्सिडेंट पॉलिसी काढलीच पाहिजे, मोटार पॉलिसीच्या भरवशावर बसू नये.

याहून वाईट परिस्थिती स्वतःची गाडी कंपनीच्या कामाला वापरणाऱ्यांची. किलोमीटरमागे भत्ता मिळतो म्हणून लोक खुश असतात. पण प्रायव्हेट गाडीच्या पॉलिसीत वापराच्या अटी असतात, भाड्याने वापरायची नाही आणि सॅम्पल किंवा स्वतःचं सामान सोडून मालवाहतूक करायची नाही. आमच्याकडे एका मुलाचा क्लेम आला होता, डिकीत आणि मागच्या सीटवर पार्ट्सचे बॉक्स, सोबत डिलिव्हरी चलन, सगळं फोटोत आलेलं. ओन डॅमेजचा क्लेम तिथेच अडकला. बॉस म्हणाला गाडी तुझी, पॉलिसी तुझी. माल मात्र कंपनीचा होता ना?

पगार कापण्याबद्दल पण बोलायलाच हवं. क्लेम पास झाला तरी बंपरसारख्या प्लास्टिकच्या पार्टवर साध्या पॉलिसीत 50 टक्के घसारा जातो, वर कंपल्सरी डिडक्टिबल (क्लेममधला आपणच भरायचा ठराविक भाग), आणि हा फरक गुपचूप ड्रायव्हरच्या पगारातून वळता केला जातो. नुकसान त्याच्या निष्काळजीपणाने झालं असेल तरच कापता येतं आणि त्याआधी त्याला बाजू मांडायची संधी द्यावी लागते, असं कायदा सांगतो. झिरो डेप (घसारा न कापणारा जादा कव्हर) न घेण्याचा निर्णय कंपनीचा, मग त्याचे पैसे बारा-पंधरा हजार कमावणाऱ्याने का भरायचे?

लायसन्सचं थोडक्यात, नोव्हेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने एलएमव्ही (हलकं मोटार वाहन) लायसन्सवर 7,500 किलोपर्यंतची हलकी ट्रान्सपोर्ट गाडी चालवता येते हे पक्कं केलंय, पण लायसन्सची तारीख संपलेली नाही ना हे बघणं कंपनीचंच काम.

आणि ड्रायव्हर कॉन्ट्रॅक्टरकडून आला असेल तर जास्त जपा. आयएमटी 28 ची भाषा पॉलिसीधारकाच्या नोकरीत असलेल्या माणसाबद्दल आहे, हा तर कागदोपत्री कॉन्ट्रॅक्टरचा. उद्या काही झालं की दोघं एकमेकांकडे बोट दाखवणार आणि त्याच्या घरचे दोन्हीकडे खेटे घालणार. तेव्हा माणूस ठेवायच्या आधीच कॉन्ट्रॅक्टरने त्याच्यासाठी काढलेल्या पॉलिसीची त्याच्या नावासकट कॉपी घ्या, ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा) असेल तर त्याचा नंबर घ्या, आणि रिन्युअलची तारीख गाडीच्या पॉलिसीसोबतच कॅलेंडरवर टाकून ठेवा.