वेळेचं नियोजन शिकवताना आधी ओझं मोजा

नोकरी करणाऱ्यांसाठीच्या वेळेच्या नियोजनाच्या कार्यशाळा बहुतेक वेळा यादीपासून सुरू होतात. सकाळी कामं लिहून काढा, महत्त्वाचं-बिनमहत्त्वाचं आणि तातडीचं-बिनतातडीचं असे चार चौकोन पाडा, २५ मिनिटांचा टायमर लावा. यातलं काहीच वाईट नाही. पण मी प्रौढांना शिकवते आणि माझं मत दिवसेंदिवस पक्कं होत चाललंय, की ही सुरुवात चुकीच्या जागी होते. समोरच्या माणसाकडे रोजचं अकरा तासांचं काम असेल आणि हातात आठ तास असतील, तर यादी कितीही नेटकी केली तरी तीन तासांचं काम उरणारच. साधी वजाबाकी आहे. त्यावर कुठल्याही ॲपकडे उत्तर नाही, आणि त्या माणसाला "तुझं नियोजन कच्चं आहे" असं सांगणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

म्हणून आधी ओझं मोजायला शिकवावं. एक आठवडा अर्ध्या-अर्ध्या तासाची नोंद ठेवायची: काय करायला हवं होतं ते सोडून द्यायचं, प्रत्यक्षात काय झालं तेवढंच लिहायचं. मध्येच आलेला फोन, कुणाच्या तरी मंजुरीची वाट पाहण्यात गेलेली दुपार, ज्यात आपलं काहीच काम नव्हतं अशी मीटिंग. घरचंही लिहायचं. मुलीच्या शाळेचा फॉर्म भरणं, आईची औषधं संपत आलीत हे लक्षात ठेवणं. लक्षात ठेवणं हेसुद्धा काम आहे, आणि ते घरात बहुतेक एकाच व्यक्तीच्या वाट्याला येतं. नवरा-बायको दोघांनी अशा नोंदी ठेवून शेजारी ठेवल्या, तर बरीच भांडणं निदान मुद्द्यावर तरी येतात.

या नोंदींचा दुसरा उपयोग अंदाजासाठी. काम किती वेळात होईल याचा आपला अंदाज जवळजवळ नेहमीच कमी निघतो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वेर्स्की यांनी १९७९ मध्येच हा दोष नोंदवून ठेवलाय. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॅनडातल्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रबंध कधी पूर्ण होईल असं विचारलं होतं. सरासरी अंदाज होता सुमारे ३४ दिवसांचा, प्रत्यक्षात लागले ५५ हून अधिक. त्याच संशोधनातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते: दुसऱ्याच्या कामाचा अंदाज करताना माणसं इतकी आशावादी नसतात. उपाय सोपा आहे. "किती वेळ लागेल?" असं विचारण्याऐवजी "मागच्या वेळी किती लागला होता?" असं विचारायचं आणि तोच आकडा धरायचा. प्रौढ शिक्षणाचे अभ्यासक माल्कम नोल्स यांचं म्हणणं होतं, की मोठी माणसं स्वतःचा अनुभव घेऊन वर्गात येतात आणि त्यांना स्वतःच्याच अडचणीचं उत्तर हवं असतं. स्वतःच्या आठवड्याची नोंद हे त्यांचं पाठ्यपुस्तक. मग माझ्या स्लाइड्सची गरज फारशी उरत नाही.

ओझं दिसलं, की पुढचा धडा बोलण्याचा. हा सगळ्यात अवघड. "नाही म्हणायला शिका" असं सांगून मोकळं होणारे बरेच असतात. ज्याचं कंत्राट तीन महिन्यांनी संपतंय त्याने कुणाला नाही म्हणायचं? त्याला वापरता येईल असं वाक्य द्यायला हवं: "हे शुक्रवारपर्यंत देते. मग हातातल्या या दोन कामांपैकी कोणतं मागे ठेवू?" यात नकार नाही, पण निवड वरिष्ठाला करावी लागते. आणि हे वाक्य वर्गात जोडीने मोठ्याने म्हणून घ्यावं लागतं. नुसतं वहीत लिहून घेतलेलं वाक्य साहेबांसमोर तोंडातून फुटत नाही.

साहेबांचं निघालंच आहे तर, माझ्या मते निम्मं प्रशिक्षण त्यांना द्यायला हवं. अर्थशास्त्रज्ञ जॉन पेन्काव्हेल यांनी पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश दारूगोळा कारखान्यांच्या नोंदी पुन्हा तपासल्या. आठवड्याला साधारण ५० तासांच्या पुढे दर तासाला होणारं काम घसरत जातं, आणि ७० तास राबून निघणारं एकूण उत्पादन ५६ तासांच्या उत्पादनापेक्षा फारसं जास्त नव्हतं. वरचे १४ तास जवळपास वाया. शरीर त्याची किंमत मोजतं ती वेगळीच. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२१ च्या अहवालानुसार आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. हे आकडे रात्री दहाला "जरा बघून ठेवा" असा मेसेज टाकणाऱ्या प्रत्येक वरिष्ठाने वाचायला हवेत.

संध्याकाळचंही शिकवावं लागतं. घरी आल्यावर डोक्यात काम चालूच राहतं, याचं एक कारण अर्धवट राहिलेली कामं. २०११ च्या एका संशोधनात दिसलं, की काम पूर्ण न करताही, ते कधी आणि कसं करणार हे नेमकं लिहून काढलं तर त्याचे विचार मध्ये मध्ये येणं कमी होतं. दिवसाची शेवटची दहा मिनिटं यासाठी राखायची. एवढं करूनही झोप उडालेली असेल, जीव कशातच रमत नसेल, तर डॉक्टरांकडे जावं. ते कार्यशाळेचं काम नाही.

आणि हे सगळं कशासाठी? जाहिराती उत्पादकतेच्या असतात. पण २०२१ मध्ये शंभराहून अधिक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात असं दिसलं, की वेळेच्या नियोजनाचा संबंध कामगिरीपेक्षा आयुष्यातल्या समाधानाशी जास्त आहे. मग तेच ध्येय उघडपणे सांगू या ना! वाचलेला तास कुणाचा, हे आधीच ठरवलं नाही तर त्यात नवं काम येऊन बसतं. ठरवताना "स्वतःसाठी" असं मोघम लिहू नये. "बुधवारी सात वाजता मुलाबरोबर पोहायला" असं लिहावं.

आयोजकांना एक विनंती. एका दिवसात हे होत नाही. महिन्याभराने त्याच लोकांना त्यांच्या नोंदींसह पुन्हा बसवा आणि साहेबांशी बोलणं झालं का, उत्तर काय मिळालं, ते विचारा. अंदाजपत्रकातून नेमकं हेच दुसरं सत्र सगळ्यात आधी कापलं जातं. आणि सत्र कामाच्या वेळेतच ठेवा. सुट्टीच्या दिवशी लोकांना बोलावून त्यांना काम आणि घर यांचा समतोल शिकवायचा, हे मला मान्य नाही. अशी आमंत्रणं मी घेत नाही.