युद्ध चालू असताना सरकारला प्रश्न विचारायचे नाहीत?

कुठेही युद्ध पेटलं की एक संदेश हमखास फिरू लागतो: "आता सरकारला प्रश्न विचारू नका. त्यानं सैन्याचं मनोधैर्य खचतं, शत्रूचं फावतं. आधी लढाई जिंकू, हिशेब नंतर मागू." पुढे पाठवणाऱ्या बहुतेकांची तळमळ खरी असते. दावा मात्र टिकत नाही.

आधी मनोधैर्याचं बघू. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, ब्रिटिश हिंदी सैन्याची सहावी पुणे डिव्हिजन तुर्कांशी लढत होती. तिच्यात मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१५ मधल्या टेसिफॉनच्या लढाईनंतर जखमींना नदीमार्गे बसऱ्याला आणलं. त्यांतली एक बोट धक्क्याकडे येत असताना मेजर कार्टर या लष्करी डॉक्टरांना वाटलं, तिच्या कडांवरून दोर लोंबतायत. बोट जवळ आली तेव्हा कळलं, ती वाळलेली विष्ठा होती. आमांशानं बेजार झालेली, जागचं हलता न येणारी माणसं डेकवर खेटून पडली होती. कार्टरनी तक्रार केली, तर वरिष्ठांनी त्यांनाच अटकेची धमकी दिली. वर तार गेली ती अशी की जखमींची अवस्था अगदी समाधानकारक आहे. त्या बोटीवरच्या शिपायाचं मनोधैर्य कोणी खचवलं? प्रश्न विचारणाऱ्या कार्टरनी तर नक्कीच नाही.

चौकशीनं लढाई अडते, हेही इथेच खोटं ठरतं. मेसोपोटेमियातल्याच कुत या गावी हे सैन्य तुर्कांना शरण गेलं एप्रिल १९१६ मध्ये. त्याच वर्षी, महायुद्ध ऐन भरात असताना, या मोहिमेवर चौकशी आयोग बसला. त्याचं काम चालू असतानाच मार्च १९१७ मध्ये ब्रिटिशांनी बगदाद जिंकलं. जूनमध्ये अहवाल जाहीर झाला आणि भारतमंत्री (ब्रिटिश मंत्रिमंडळात भारताचं खातं सांभाळणारे) ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. ठपका आलेले माजी व्हाइसरॉय हार्डिंग मात्र लंडनला परराष्ट्र खात्यात मोठ्या पदावर कायम राहिले. म्हणजे हिशेब झाला तो अर्धाच, आणि याची मला आजही चीड येते.

"युद्धात नेता बदलू नये" असंही त्याला जोडून सांगतात. मे १९४० मध्ये नॉर्वेतल्या अपयशावर ब्रिटिश संसदेत दोन दिवस चर्चा झाली. मतदानात पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन यांचं बहुमत २८१ विरुद्ध २०० इतकं घसरलं आणि १० मे रोजी, हिटलरचं सैन्य हॉलंड-बेल्जियममध्ये घुसलं त्याच दिवशी, पंतप्रधान बदलले. ब्रिटन त्यानं दुबळं झालं असं कोण म्हणेल?

गुप्ततेचा मुद्दा तेवढा रास्त आहे. पलटणी कुठे आहेत, उद्या कुठे हलणार, हे चव्हाट्यावर विचारायचं नसतं. त्यासाठी संसदेची बंद दाराआड बैठक घेता येते. ब्रिटननं दुसऱ्या महायुद्धात तशा बैठका घेतल्या होत्या. पण जवानांना थंडीचे कपडे का मिळाले नाहीत, हे शत्रूपासून लपवण्यासारखं गुपित नव्हे.

राहिलं "हिशेब नंतर". १९६२ मध्ये चीनशी लढाई चालू असतानाच ८ नोव्हेंबरला लोकसभेत चर्चा सुरू झाली. त्याआधी सत्ताधारी खासदारांच्याच रेट्यामुळे कृष्ण मेनन यांना संरक्षण खातं आणि मग मंत्रिमंडळही सोडावं लागलं. युद्धात विचारलं ते एवढं तरी पदरात पडलं. नंतरसाठी ठेवलेला हिशेब म्हणजे हेंडरसन ब्रुक्स–भगत अहवाल, त्या पराभवाच्या लष्करी चौकशीचा. तो १९६३ मध्ये सादर झाला. त्यानंतर किती पक्षांची सरकारं आली आणि गेली. त्यांतल्या एकानंही तो अधिकृतपणे खुला केलेला नाही.