घर घेताय की शेजार? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया आली त्या रात्री वाचली, दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचली आणि उत्तर द्यायला आठवडा घेतला. त्याच रात्री लिहायला बसले असते तर भांडणच झालं असतं.

ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी: उच्चभ्रू उपनगरात घर घ्यायचा विचार असेल तर आधी तिथे वर्षभर भाड्याने राहून बघा, आणि हप्ता झेपतो एवढ्यावरच उडी मारू नका, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं. हप्ता ही सक्तीची बचत आहे, भाडं म्हणजे पाण्यात घातलेले पैसे. चांगल्या वस्तीतल्या घरांचे भाव खाली येत नाहीत. मुलांना जी संगत मिळते तिची किंमत मी शून्य धरली. आणि शेवटचा टोला: ज्यांना घर परवडत नाही त्यांनाच गणितं सुचतात, कोल्ह्याला द्राक्षं आंबट.

द्राक्षांपासूनच सुरुवात करते. हो, परवडत नव्हतं. बँक कर्ज द्यायला तयार होती, पण बँक फक्त हप्ता वेळेवर येईल का एवढंच बघते. हप्ता भरून झाल्यावर महिन्याच्या वीस तारखेला तुमच्या खात्यात काय उरतं, याच्याशी तिला देणंघेणं नसतं. आम्ही बँकेच्या हिशेबात बसत होतो, आमच्या स्वतःच्या हिशेबात नाही. यात लपवण्यासारखं काही नाही, मूळ लेखातच लिहायला हवं होतं.

सक्तीच्या बचतीचा मुद्दा तुमचा बरोबर आहे, आणि तो माझ्याकडून सुटला. भाडेकरू हप्त्यातून वाचलेले पैसे इमानेइतबारे गुंतवतो, असं गृहीत धरून मी मूळ लेखात हप्ता आणि भाडं यांच्या तुलनेचा तक्ता मांडला होता. आमच्याच घरात तसं घडत नाही. हप्ता आणि भाडं यांतला फरक दर महिन्याला बाजूला टाकायचा असं ठरलं. चार महिने टाकला. पाचव्या महिन्यात गाडीचं काम निघालं, सहाव्यात दाढेचं, आणि सातव्या महिन्यात दोघांपैकी कोणी विषयच काढला नाही. हप्ता असा विसरता येत नाही. ज्याच्या हाताला बचतीचं वळण नाही त्याला घर शिस्त लावतं, हे मान्य.

पण ही बचत नक्की किती, ते बघू. कर्ज १०० धरा, व्याज साडेआठ टक्के, मुदत २० वर्षं. पहिल्या पाच वर्षांत तुम्ही हप्त्यांमधून साधारण ५२ भरता. त्यातले ४० व्याजात जातात, मुद्दल फिटतं जेमतेम १२. पाच वर्षांनी घर विकायची वेळ आली तर बँकेचं ८८ देणं अजून डोक्यावर असतं. भाडं पाण्यात गेलं म्हणता, मग हे ४० कुठे गेले? त्यात घेताना भरलेलं मुद्रांक शुल्क, विकतानाची दलाली आणि मधल्या काळातली रंगरंगोटी धरलेलीच नाही. वीस वर्षं हलायचंच नाही अशी खात्री असेल तर चित्र वेगळं दिसतं, ते मी नाकारत नाही. मात्र अशा वस्तीत घर घेऊ शकणाऱ्यांची नोकरीच बहुतेक वेळा अशी असते की पुढच्या पाच वर्षांचा भरवसा देता येत नाही.

आता भाव. ‘चांगल्या वस्तीत भाव खाली येतच नाहीत’ हे वाक्य मी इतक्या लोकांकडून ऐकलंय की कधीतरी तपासून बघावंसं वाटलं. ॲमस्टरडॅममध्ये हेरेनग्राख्त नावाचा कालवा आहे. सतराव्या शतकात शहर वाढवताना तो खणला आणि श्रीमंत व्यापाऱ्यांनी त्याच्या काठावर घरं बांधली. म्हणजे त्या काळची उच्चभ्रू वस्तीच म्हणा ना. पीट आइखहोल्ट्झ या अर्थशास्त्रज्ञाने तिथल्या घरांच्या १६२८ ते १९७३ पर्यंतच्या खरेदी-विक्रीच्या नोंदींवरून भावांचा निर्देशांक तयार केला. महागाई वजा केल्यावर, जवळपास साडेतीनशे वर्षांत भाव साधारण दुप्पट झाले. वर्षाला सरासरी ०.२ टक्के. मधल्या काळात भाव चढले आणि कोसळलेही, युद्धांत, साथींत, मंदीत. वस्ती मात्र शेवटपर्यंत चांगलीच होती! जपानात १९९१ नंतर निवासी जमिनीचे भाव उतरायला लागले ते दीड दशक उतरत राहिले, तेही तुमच्या-माझ्यासारख्यांनी ‘जमीन काही नव्याने तयार होत नाही’ म्हणून घेतल्यानंतर.

शिवाय आपण घर उधारीवर घेतो, हे भावांबद्दल बोलताना विसरायला होतं. स्वतःचे २० आणि बँकेचे ८० घालून घेतलेल्या घराचा भाव दहा टक्क्यांनी वाढला तर तुमचे २० चे ३० झाले, आणि तेवढाच उतरला तर २० चे १० राहिले. पार्टीत पहिली गोष्ट सांगितली जाते, दुसरी नाही.

हे सगळं झालं तरी माझा खरा मुद्दा हप्त्याचा नाहीच. तो मूळ लेखात मला नीट मांडता आला नाही, तुमच्यामुळे पुन्हा विचार करावा लागला, त्याबद्दल आभार. तशाच विटा, तशीच फरशी, तेवढंच क्षेत्रफळ साध्या वस्तीत बऱ्याच कमी पैशांत मिळतं. मग वरचे पैसे कशाचे? झाडांचे, शांततेचे, रुंद रस्त्याचे, शेजाऱ्यांचे. आणि यातलं काहीही खरेदीखतात लिहिलेलं नसतं. खतात चतुःसीमा असतात, क्षेत्रफळ असतं. शांतता नसते. जे आपल्या नावावर होणारच नाही, त्यासाठी आपण सगळ्यात जास्त पैसे मोजतो आणि मग ते टिकवणं दुसऱ्यांच्या हाती सोपवतो.

आम्ही जे घर घ्यायचा विचार करत होतो ते पहिल्यांदा बघितलं एका रविवारी सकाळी अकराला. एजंट नेहमी त्याच वेळी बोलावतात. रस्त्यावर एक म्हातारे गृहस्थ कुत्र्याला फिरवत होते, बाकी पानांची सळसळ. फाटकापासून हमरस्त्याला लागायला सहा मिनिटं लागली. नवरा गाडीत म्हणाला, “घेऊ या.” मीही तेच म्हणणार होते. मग मंगळवारी पावणेनऊला आम्ही कोणाला न सांगता पुन्हा गेलो आणि त्याच फाटकापासून घड्याळ लावून निघालो. बाहेर पडायला एकच रस्ता, आणि त्या रस्त्यावर सगळी कॉलनी. पुढच्या एका गाडीतली बाई आरशात बघून लिपस्टिक लावत होती, तिच्या मागच्या सीटवर एक मूल गणवेशात झोपलं होतं. दोघांच्याही सवयीचं दिसत होतं. एकतीस मिनिटं. म्हणजे एका वेळेला २५ मिनिटं जास्त, जाऊन-येऊन ५० धरा. कामाचे दिवस २४० धरले तर वर्षाला २०० तास, आठ तासांचे पंचवीस दिवस. ब्रुनो फ्राय आणि अलोइस स्टुट्झर या दोन अर्थशास्त्रज्ञांना जर्मनीतल्या पाहणीच्या आकडेवारीत दिसलं होतं की ज्यांचा प्रवास लांबचा ते आयुष्याबद्दल कमी समाधानी असतात. चांगलं घर किंवा चांगला पगार ती कसर भरून काढत असेल असं वाटावं, तर तसं होत नव्हतं. ती झोपलेली शाळकरी पोरगी की पोरगा, मला आकडेवारीपेक्षा जास्त लक्षात राहिली.

त्याच दिवशी संध्याकाळी क्लबहाऊसच्या नोटीस बोर्डासमोर मी दहा मिनिटं उभी राहिले. घर बघायला जाणाऱ्या प्रत्येकाने हे करावं, सॅम्पल फ्लॅटपेक्षा तिथे जास्त कळतं. जलतरण तलावाच्या गळतीसाठी विशेष वर्गणी, दुसरा हप्ता. लिफ्टच्या बदलीबद्दलची सभा गणपूर्तीअभावी तहकूब. आणि खाली पेनाने कोणीतरी लिहिलेलं, ‘पहिल्या हप्त्याचा हिशेब कुठे?’ देखभालीचा जो मासिक आकडा एजंट सांगतो त्यात हे कुठलंच येत नाही. घराच्या किमतीच्या एक टक्का तरी दरवर्षी डागडुजीला बाजूला ठेवावा असा एक ढोबळ ठोकताळा आहे. जिथे तलाव, व्यायामशाळा आणि कारंजं आहे तिथे तो मला कमीच वाटतो, कारण कारंजं चालू ठेवायचं की बंद करायचं हे तुम्ही एकटे ठरवू शकत नाही.

संगतीचं म्हणाल तर किंमत मी शून्य धरली हे खरं, आणि ते चुकलं. वाचणारी, खेळणारी, सुरक्षित रस्त्यावर सायकल चालवणारी मुलं आजूबाजूला असणं मोलाचं आहे. पण ती संगत फुकटही नाही. सुट्टीत कुठे जायचं, वाढदिवसाला काय द्यायचं, कुठला फोन ‘जुना’ म्हणायचा, याची पातळी तिथे शेजार ठरवतो आणि आपण ती गाठत बसतो. पगाराची सगळी ताकद हप्त्यात घातलेल्या माणसाला तिथे सतत आपण गरीब आहोत असं वाटू शकतं, तेही कागदोपत्री श्रीमंत असताना. ज्यांना हे जाणवत नाही अशी माणसं मी पाहिली आहेत. मी तशी नाही, हे मला माहीत आहे.

‘घर हे गणित नसतं’ या तुमच्या म्हणण्याशी मी सहमत आहे. म्हणूनच तर आधी राहून बघा म्हणते. तक्त्यात संध्याकाळ मांडता येत नाही.

तुम्ही विचारलंत, शेवटी तुम्ही केलंत काय? आम्ही त्याच कॉलनीत, दोन गल्ल्या सोडून, भाड्याने राहतोय. आठ महिने झाले. झाडं खरंच सुंदर आहेत. शेजारच्या काकू रोज हाक मारतात, आणि पोरांचं म्हणाल तर ती कधी घरात नसतातच. त्यामुळे तुमच्या बाजूनेही पारड्यात बरंच पडलंय, मी ते नोंदवून ठेवते आहे. जे घर घ्यायचं ठरत होतं त्याच्या मागे एक रिकामा भूखंड होता. “हे असंच मोकळं राहणार, बागच समजा,” असं एजंट म्हणाला होता. नगररचना कार्यालयात जाऊन आराखडा पाहिला तेव्हा त्यावर बागेचा हिरवा रंग नव्हता, एवढंच आम्हाला कळलं होतं. गेल्या गुरुवारी त्याला चारी बाजूंनी पत्रे लागले. आत खोदकाम सुरू आहे, सकाळी सातपासून. कशाचं ते अजून कोणालाच माहीत नाही. काकू म्हणतात शाळा, नवरा म्हणतो मॉल.